चौथा चौकोन

११ मार्च २०२५, मंगळवार

रेघ चढली! सर चक्क स्वतःची खुर्ची सोडून माझ्या टेबलापाशी आले. वर्षातून दोनदा येतात, एकदा चूक सापडली की आणि एकदा मोठेपणा मिळणार असला की. आज दुसरं होतं. "रत्ना मॅडम, कॅमेरा दोन बघा. पालवी पंधरा दिवस आधी! ही बातमी आहे, बातमी!"

कॅमेरा दोन म्हणजे आमचं गाव. चोपड्याच्या बाजूचं. कॅमेरा पंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर बसवलेला. जागा मीच सुचवली होती. आता मार्चात आमच्या गावात हिरवं व्हायला झालंय काय? निंब पानं गाळतोय, पळसावर नुसती लाल फुलं, नाला कोरडा. पण रेघ चढली म्हणजे चढली. सरांनी लगेच आलेख उचलून पुण्याच्या बैठकीच्या स्लाइडमध्ये टाकला. फोटो उघडून बघायची कुणाला गरज वाटली नाही. मलाही नाही, खरं तर. जेवणाची सुट्टी झाली होती.

खोलीवर आले तर शेजारच्या काकूंचं तेच. तू कॉलेजात नेमकं करतेस तरी काय गं? म्हटलं, झाडांचे फोटो बघते. "रोज तीच झाडं?" हो काकू, रोज तीच. तीन कॅमेरे, दर अर्ध्या तासाला एक फोटो, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. फोटोवर आखलेल्या चौकोनात हिरवा रंग किती ते सॉफ्टवेअर मोजतं आणि त्याची रेघ काढतं. फोटोत माणूस किंवा गुरं आली की तो फोटो मी बाद करते. एम.एस्सी. करून हे शिकले — माणसं खोडायला. काकू म्हणाल्या, "लग्न केलं असतंस तर." त्यांचं प्रत्येक वाक्य तिथेच जाऊन पोचतं.

१२ मार्च, बुधवार

पालवी नाही. साड्या आहेत!

सकाळी फोटो मोठा करून बघितला आणि एकटीच मोठ्याने हसले. गावातल्या पुना आबांची केळीची बाग. उन्हाची झळ सुरू झाली की आमच्याकडे बागेच्या पश्चिमेला जुन्या साड्या बांधतात, खांबाला खांब जोडून. सगळ्या तालुक्यात बांधतात. पोराटोरांना ठाऊक आहे. हिरव्या, निळ्या, पिवळ्या. त्यातल्या चार-पाच हिरव्या नेमक्या आमच्या तिसऱ्या चौकोनात आल्या आणि सॉफ्टवेअरला वाटलं, वसंत आला! कॅमेरा एककडे, लळिंगच्या डोंगरावर, अंजनाच्या झाडांची कोवळी पालवी तांबडी फुटते, ती ह्या शहाण्याला पालवी वाटतच नाही. आणि साडी वाटते. ह्याला लाखांनी पैसे मोजलेत.

मग तिसऱ्या खांबावरची साडी दिसली आणि हसू थांबलं.

पोपटी. वांगी काठ. काठाच्या आत बारीक पिवळी रेघ.

आईची आहे. दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. माझ्या एम.एस्सी.च्या निकालाला हीच नेसून एस.टी.ने जळगावला आली होती. दवाखान्यात भरती झाली तेव्हाही हीच. दर वेळी पदराला हात पुसत म्हणायची, "ही तुलेच शे, मी गऊ का लई जाजो." मी ओरडायचे, जाण्याबिण्याचं असलं बोलू नकोस म्हणून. आईलाही सोडलं नाही मी. जानेवारीत ती गेली. तेराव्याला मी भावजयीला, डिंपलला, स्पष्ट सांगून आले होते — आईच्या साड्यांना हात लावू नकोस, सवडीने येऊन नेईन. "हो ताई," म्हणाली. हो ताई!

आणि साडी कुंपणाला.

१३ मार्च, होळी

फोन केला. भावाला नाही, थेट त्याच्या बायकोलाच.

"आईच्या साड्या कुठे आहेत?" — "पुना आबांच्या बागेला दिल्या, ताई." — "कोणी दिल्या?" जरा थांबली. "मीच."

मीच! लाजही नाही. खोटं तरी बोलायचं, उंदरांनी कुरतडल्या, वाळवी लागली. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुझ्या आईच्या असत्या तर दिल्या असत्यास का, हे बोलले. धुळ्याहून येताना माणुसकी तिकडेच ठेवून आलीस का, हेही. "ऐकतेस ना?" — "ऐकतेय, ताई."

मग भावाने, हितेंद्रने, फोन घेतला. "अक्का, जाऊ दे ना. सणना दिन शे." बायकोची बाजू घ्यायला सण आठवला. ठेवून दिला.

खाली कॉलनीत पोरं बोंबा मारत होती. मलाही मारावीशी वाटली.

१७ मार्च, सोमवार

सरांना सांगितलं. अखिल सर जळगावातच वाढले, वडिलांची कापडाची पेढी. त्यांना साडी कळायला हवी होती. पण पेढीवरून थेट परदेशात शिकायला आणि तिथून थेट ह्या खुर्चीत. केळीची बाग त्यांनी गाडीच्या काचेतून बघितली असेल तेवढीच.

"मॅडम, तुम्ही म्हणता साड्या. सॉफ्टवेअर म्हणतंय पालवी."

फोटो मोठा केला. "सर, ही गाठ बघा. पानाला गाठ मारलेली असते का?"

चेहरा पडला. पुण्याला आलेख जाऊन चुकला होता ना! मग म्हणाले, "मग हा मानवी हस्तक्षेप झाला." जसा काही मीच केला. "चौकोन वर सरकवा. नाहीतर काढायला सांगा त्यांना. तुमचंच गाव ना?"

चौकोन सरकवला. साडी मोजणीतून गेली. फोटोतून कशी जाणार?

१९ मार्च, बुधवार

रोज बघते. आल्या आल्या सकाळचा पहिला फोटो उघडते. कोवळं ऊन मागून येतं तेव्हा ती सगळ्यात पोपटी दिसते. दुपारी वाऱ्याने फुगते, संध्याकाळी पांढुरकी होऊन लोंबते. आई घरात असताना मी तिच्याकडे एवढं बघितलं नव्हतं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी जळगावला पोट भरायला राहते, हौसेने नाही.

आज एक केलं. साडीभोवती वेगळा चौकोन आखला. आपल्यापुरता. पहिला निंबाचा, दुसरा नाल्याचा, तिसरा केळीचा. हा चौथा.

२५ मार्च, मंगळवार

निंबाची रेघ वर चालली आहे. चौथ्या चौकोनाची खाली. ऊन खातंय तिला.

तन्वीरने बघितलं. तो भुसावळचा. कॅमेऱ्यांची काच पुसणं, बॅटरी बदलणं, टाकीवर चढणं सगळं त्याच्याकडे. त्याला एका वाक्यात सांगितलं. म्हणाला, "मग मॅडम, जाऊन घेऊन या ना. दोन तासांचा तर रस्ता आहे."

जाऊन घेऊन या! माझ्याच आईची साडी मी मागून आणू? जिने दिली तिने काढावी, धुवावी, घडी घालावी आणि इथे आणून माझ्या हातात द्यावी. तोपर्यंत मी त्या घराची पायरी चढणार नाही. हे तिला कळवलंही आहे. हितेंद्रच्या फोनवर, मेसेजने. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

३० मार्च, पाडवा

सुट्टी. पहिला पाडवा आईशिवाय. गुढी उभारली नाही. श्रीखंडाचा डबा आणला, अर्धा तसाच आहे.

३१ मार्च, सोमवार

तन्वीर ईद असूनही दुपारी डबा द्यायला आला. हसीनाबींनी, म्हणजे त्याच्या अम्मीने, शीरखुर्मा पाठवला होता. मी म्हटलं, सणाच्या दिवशी अम्मीला सोडून इकडे कशाला तडमडलास? त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, कुणावर तरी रागावल्याशिवाय तुमचा दिवस जात नाही का?"

शीरखुर्मा छान होता. तेवढं सांगायचं राहून गेलं.

८ एप्रिल, मंगळवार

पकडले गेले. सर आकडे चाळत होते. "हा चौथा चौकोन कशाचा? यादीत तर तीनच आहेत."

"साडीचा."

"कसल्या साडीचा?"

"माझ्या आईच्या, सर."

मला वाटलं, माणूस आहे, काहीतरी माणसासारखं बोलेल. स्वतःचे वडील गेले तेव्हा हाच माणूस ह्या खोलीचं दार लावून रडला होता, आम्ही बाहेरून ऐकलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "भावना समजू शकतो. पण हा प्रकल्पाचा सर्व्हर आहे." आणि संध्याकाळी लेखी मेल! विषय : अनधिकृत चौकोन. तीन फूट अंतरावर बसतो हा माणूस.

चौकोन काढला. आकडे आधीच स्वतःकडे घेऊन ठेवलेत. करा काय करायचं ते.

१५ एप्रिल, मंगळवार

पारा चव्वेचाळीस. कॉलेजात वीज नाही. फोटो नाहीत. चिडचिड.

२३ एप्रिल, बुधवार

कालच्या शेवटच्या फोटोत माणूस. बाद करायला हात गेला आणि थांबला. डिंपल!

कुंपणाशी उभी. डोक्यावर पदर, पाठमोरी, पण तिचं उभं राहणं मला कुठेही ओळखू येईल. एक पाय किंचित वाकवून, जसं सगळं घर तिच्या कमरेवर टेकलंय. हात आईच्या साडीला. मागचे फोटो काढले, बाद केलेले. कचरापेटीत पडून होते, महिनाभर राहतात. त्यातही ती. आठवड्यातून एकदा-दोनदा, दिवस कलला की येते आणि गाठी नीट करते. मीच खोडली होती, न बघता. माणूस दिसला की बाद. हात आपोआप चालतो.

आता हात लावते! आता जीव जळतो! बांधायच्या आधी जळायला हवा होता. आणि एवढंच वाटत असेल तर सोड की ती गाठ. साडी घे, एस.टी.त बस. पण नाही, गाठ आणखी घट्ट करते. ही बाई मला कळतच नाही.

फोटो बाद केला नाही. नियम गेला खड्ड्यात.

२७ एप्रिल, रविवार

हितेंद्रचा फोन. "अक्का, आखाजीले येशी ना? मायनी घागर भरनी शे."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. झोके बांधतात, हसतात, नवऱ्यांच्या चुगल्या करतात. मी कुठून येणार? मला सासर नाही, आणि माहेर होतं ते जानेवारीत गेलं. असं म्हटलं त्याला. तो म्हणाला, "आसं काब्र बोलस? आमी मरी गयात का?" आवाज कापत होता. रडतो तो पटकन, लहानपणापासून. मला ते बघवत नाही आणि म्हणून जास्तच राग येतो.

पण घागर आईची, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याने भरायची. पहिल्या वर्षाची. पोटची पोर असून गेले नाही, असं व्हायला नको.

जाईन. साडी घेऊन येईन. दोन्ही कामं.

३० एप्रिल, आखाजी

रात्री उशिरा लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून एस.टी.तच लिहितेय. अक्षर उड्या मारतंय. चोपडा सुटलं.

घरी नाही गेले, थेट बागेत. वारा असा की तोंड भाजावं. साड्यांच्या आत पाय टाकला की गार, बाहेर आलं की भट्टी. पुना आबा घडांना टेकू लावत होते. मला बघून हातातलं टाकून आले. मी सरळ तिसऱ्या खांबाकडे.

"नको वं बाई, आते नको काढू. घड भराई राहिनात. झळ लागी जाई."

"आबा, माझ्या आईची साडी आहे."

"मी कोठे नही म्हनस? तुनी माय—"

"आबा!" मागून डिंपल. घरून पळत आली होती, पिठाचे हात तसेच. कोणीतरी सांगितलं असणार, रत्ना अक्का उतरली म्हणून. "आबा, राहू द्या. घेऊ द्या ताईंना." आबांनी तिच्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. दोघांची मिलीभगत! माझ्यापासून काहीतरी झाकत होते, एवढं कळायला मी काही दूधखुळी नाही. किती भांडी मिळाली गं साड्यांच्या बदल्यात, विचारलं तिला. पुढे होऊन गाठ सोडायला लागली. "तू हात लावू नकोस," म्हटलं आणि ओढली.

टर्र!

उन्हाने कुजली होती. अर्धी हातात आली, अर्धी खांबावर राहिली. हातातल्या भागाला धड पोपटी म्हणावं असा रंगही नाही. काठ तेवढा वांगी. आई हातात फाटली, असं वाटलं. तिथेच मातीत बसले.

मग घरी. घागर मांडली होती, वर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या, आमरस. डिंपलने सगळं नीट केलं होतं, आईसारखंच. तेही खुपलं. भावकीतल्या बायका बसलेल्या. मी त्यांच्यासमोर बोलले. हातातला तुकडा सगळ्यांना दाखवला. मेलेल्या सासूची लुगडी तीन महिने पेटीत ठेवता येत नाहीत जिला, तिने घागर कसली भरायची, असं बोलले. कोणी तोंडाला पदर लावला, कोणी नाक मुरडलं. हितेंद्र उठून बाहेर गेला. डिंपलने माझ्या ताटात रस वाढला. थोडा ताटाबाहेर सांडला. "जेवून घ्या, ताई."

जेवले नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही.

तुकडा पिशवीत आहे. मांडीवर. ह्याचं आता काय करायचं तेही मला ठाऊक नाही.

२ मे, शुक्रवार

कॅमेरा दोन. कुंपणात फट. खांबावर उरलेला तुकडा गुंडाळून बाजूला बांधलाय आणि मध्ये नुसतं ऊन. फटीसमोरच्या केळीची पानं दोन दिवसांत काठाने करपली. तपकिरी, कागदासारखी. आबांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

सर तिथून ओरडले, "मॅडम, तिसऱ्या चौकोनात अचानक घट का?"

"साडी निघाली, पानं करपली, सर."

"अरे वा, काढायला लावलीत? छान."

छान!

५ मे, सोमवार

फट भरली.

शनिवारच्या फोटोत डिंपल. स्टुलावर चढून नवी साडी बांधतेय. मोरपंखी. ओळखली मी ती. परवाच्या दिवाळीला आईने तिला घेऊन दिलेली, दोन-चारदाच नेसलेली. मला तेव्हा आईने नुसती ओढणी दिली होती. म्हणाली होती, तू कोठे नेसस साड्या.

ती मोरपंखीही कुंपणाला! आईच्या हातची शेवटची वस्तू, तीसुद्धा! हिला काही म्हणजे काही किंमत नाही. तन्वीरला दाखवलं, बघ म्हटलं, बघ ह्या बाईचं काळीज. त्याने फोटो मोठा केला. "मॅडम, जुनी असताना कुणी नवी साडी उन्हात लावतं का?" — "मग?" — "मग काय. मला वाटतं, जुन्या संपल्या असतील आणि फट तुम्ही पाडली."

त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

८ मे, गुरुवार

लळिंगचे अंजन आता कुठे हिरवे मोजले जाऊ लागले. तांबडी पालवी येऊन, जुनी होऊन, मग यंत्राला दिसली. सर म्हणाले, कॅमेरा एक उत्तम चालला आहे.

तुकडा धुतला. दोरीवर टाकला. आपल्या खोलीत आईच्या साडीचा वास येईल असं वाटलं होतं. मातीचा येतो. केळीच्या चिकाचा येतो.

१० मे, शनिवार

पुना आबा डोळे दाखवायला जळगावला आले होते. कॉलेजच्या फाटकाशी थांबून निरोप धाडला. पिशवीत साडीचा उरलेला अर्धा भाग, धुऊन घडी घातलेला. "डिंपलनी धोयेल शे. तिनी कव्हयच सांगाले नको म्हनेल व्हतं. पन मी म्हतारा मानूस, मनाघाई पोटमा नही राहत."

लिहून ठेवते, त्यांच्याच शब्दांत. "तुनी मायनी सोता बलाईसन गठुडं दिधं. म्हने, पेटीमा कुजतीन, तुना बागले लाव. दुसरा रोज तिले याद उनी, पोपटी तं रत्नाले कबूल करेल व्हती. मी म्हनं, लई जाय. तं म्हने, दिधेल वस्तू कोनी परत लेतस का आबा? मंग मनासमोर डिंपलले बोलनी — रत्ना इचारी तं तुनं नाव सांगजो. मरेल मानूसवरना राग जात नही. तुनावर रागाई, बोली, मोकळी व्हई. तू आयकी ले."

साड्या आईनेच जायच्या आधी दिल्या होत्या, आणि तिच्यावरचा माझा राग डिंपलने ऐकून घ्यायचा, हेही तिनेच सांगून ठेवलं होतं. आबा गेल्यावर फाटकाशीच डिंपलला फोन लावला. "बोला ताई," म्हणाली, आणि गप्प राहिली. ऐकून घ्यायला.